डिस्टिल्ड वॉटर थंड करते, लूप राखत नाही

संगणकाच्या वॉटर कूलिंगविषयी एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो : लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहते त्या बंद मार्गात, फक्त डिस्टिल्ड वॉटर भरा, ॲडिटिव्ह (पाण्यात मिसळायची संरक्षक रसायने) म्हणजे निव्वळ पैसे उकळण्याचा प्रकार आहे; शुद्ध पाण्याने धातू खराब होत नाही, त्यात काही वाढत नाही, आणि फारच काळजी वाटली तर चांदीची तार टाका किंवा गाडीच्या कूलंटचे चार थेंब घाला.

यातले जे खरे आहे ते आधी मान्य करतो. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. त्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळले की हा आकडा बराच खाली येतो आणि द्रवही दाट होतो. त्यामुळे ॲडिटिव्हने तापमान उतरते असे कोणी सांगत असेल, तर तेही नाकारलेच पाहिजे, कारण त्याचे काम लूप थंड करण्याचे नसून ती राखण्याचे आहे.

शुद्ध पाण्याने धातू खराब होत नाही, हे विधान पाणी बाटलीत असेपर्यंतच टिकते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते, ब्लॉक (चिपवर बसवलेला, तिची उष्णता पाण्याला देणारा धातूचा ठोकळा) आणि रेडिएटर (ती उष्णता हवेत सोडणारा भाग) यांमधील धातूंचे आयन त्यात उतरू लागतात आणि त्याची वीजवाहकता वाढत जाते. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र असतील, तर एकाचे प्रमाण विभव (ते जितके कमी, तितका धातू जोडीत आधी झिजतो) +०.३४ व्होल्ट आणि दुसऱ्याचे −१.६६ व्होल्ट असल्यामुळे ॲल्युमिनियम झिजत जाते. बेन्झोट्रायझोलसारखे क्षरणरोधक तांब्यावर पातळ थर धरून ही झीज मंदावतात. ती पूर्ण थांबवत मात्र नाहीत, म्हणून हे दोन धातू एका लूपमध्ये आणूच नयेत.

त्यात काही वाढत नाही, ही समजूत मी स्वतः बाळगली होती. आठ महिने नुसत्या पाण्यावर चाललेल्या लूपचे तापमान चढू लागले, तेव्हा ब्लॉक उघडला. पात्यांमधल्या केसासारख्या बारीक फटींत पांढुरका, बुळबुळीत गाळ बसला होता. तो बोटाने पुसला जाईना, मऊ ब्रशने काढावा लागला. नळ्या अपारदर्शक असल्या की शेवाळाला प्रकाश मिळत नाही हे खरे, पण जिवाणूंना प्रकाशाची गरजच नसते, आणि डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. काही मऊ नळ्यांतून पाझरणारे प्लॅस्टिसायझरही (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन) असाच पांढरा थर देते आणि त्यावर जैवनाशकाचा, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या रसायनाचा, उपयोग नाही, तिथे नळीच बदलावी लागते. माझ्या ब्लॉकमधला गाळ यांपैकी कोणता, हे मी तपासून घेतले नाही. त्यानंतर नळ्याही बदलल्या आणि जैवनाशकही घालू लागलो.

चांदीची तार जिवाणूंना आवरते, पण धातूची झीज ती अजिबात रोखत नाही. उलट +०.८० व्होल्टची चांदी निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकशेजारी आणणे म्हणजे लूपमध्ये आणखी एक विजोड धातू घालणे होय.

गाडीच्या कूलंटमध्ये क्षरणरोधक असतात, त्यामुळे ती सूचना अगदीच निराधार नाही. पण ते ठरावीक प्रमाणात मिसळण्यासाठी बनवलेले असते. चार थेंबांत क्षरणरोधकाचे प्रमाण नगण्य राहते, आणि ग्लायकॉल इतके विरळ झाले की जिवाणूंना आवरण्याऐवजी त्यांचे खाद्य होऊ शकते. शिवाय पुष्कळ कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, म्हणून घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर बाटली कुलपात ठेवावी आणि सांडलेला प्रत्येक थेंब लगेच पुसून काढावा.