आमची टाकी किती फुटांवर?

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न चहाचा नसतो, 'राजाराम बंधारा किती फुटांवर?' हा असतो. तिथं पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोबाइलवर दाखवणारं यंत्र मी बनवलं, तेव्हा आईनं एकच विचारलं, "धोका पातळी किती?"

टाकी चार फुटांची. तीन फुटांना इशारा, साडेतीनला धोका असं ठरवलं. धोका आला की रिले, म्हणजे यंत्रानं चालवायचा स्विच, 'टक्' करणार आणि मोटर बंद.

झाकणाला आतून दोन डोळ्यांचा सेन्सर. एक डोळा आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली फेकतो, दुसरा पाण्यावर आपटून आलेला पकडतो. लागलेल्या वेळेला आवाजाच्या वेगानं गुणायचं आणि, जाऊन-येऊन असल्यामुळं, दोननं भागायचं. पहिल्या दिवशी मी भागायलाच विसरलो. रिकाम्या टाकीत पाणी वजा चार फूट दिसत होतं. आण्णांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे आपण कुणाचंतरी देणं लागतोय काय?"

झाकणासाठी क्लॅम्प करून घ्यायला उद्यमनगरात गेलो. लेथवरच्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "फ्लोट स्विच टाक की भावा. पाण्यासंगं तरंगत वर येतो आणि मोटर बंद करतो. दोन तारा, विषय संपला." मी त्यांना वाय-फाय समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि क्लॅम्पचे पन्नास रुपये वाढवले.

चार महिने यंत्र नीट चाललं. मग टाकीतल्या दमटपणानं सेन्सरच्या पिना हिरव्या पडल्या. मी वॉटरप्रूफ सेन्सर आणला, गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसला, एकाच डोळ्याचा. प्रोग्रॅम जुनाच ठेवला. चालत्या प्रोग्रॅमला हात लावू नये म्हणतात.

त्या संध्याकाळी मी खासबागेजवळ भेळ खात होतो. फोनवर टाकी तीन फूट. तेवढ्यात आईचा फोन.

"काय करालायस?"

"भेळ खातोय."

"टाकी वाहाय लागलीया."

"नाही गं, इशाऱ्यालाच आहे. धोक्याला अजून सहा इंच बाकी आहेत."

"आरं, मी वर जाऊन भिजून आलो!" (आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात.)

"पण मोबाइलवर तीनच फूट..."

"मग मोबाइल घिऊन ये आणि त्यानंच जिना पूस."

जिना पुसता पुसता उलगडा झाला. जुन्या सेन्सरला दोन सेंटिमीटरवरचंही दिसायचं. नव्याला वीसच्या आतलं दिसत नाही, कारण आवाज फेकणारा आणि ऐकणारा डोळा एकच. स्वतःचं बोलणं थांबेपर्यंत त्याला दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. (अशी माणसं आमच्या गल्लीत तीन आहेत.) माझी धोका पातळी वरून पंधरा सेंटिमीटरवर. पाणी तिथं पोचलं, की आवाज झाकण आणि पाणी यांच्यात दोनदा आपटून यायचा आणि पाणी दुप्पट लांब वाटायचं. म्हणजे धोका जितका जवळ, तितका फोन निवांत.

आता मिस्त्रींकडून सेन्सरला आठ इंच उंच बैठक करून घेतलीय. या वेळी त्यांनी फ्लोट स्विचचा विषय काढला नाही. नुसते हसले आणि पैसे सांगितले.

दरम्यान आईनं ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घातला. पाणी पडलं की असा वाजतो, की ताशेवाले थबकतील.

परवा शेजारच्या काकूंनी मला कट्ट्यावर गाठलं. "बाळा, ते टाकीचं यंत्र आम्हालाबी करून दे की." मी भारावून गेलो. वाय-फायचा पासवर्ड विचारला, टाकीची उंची विचारली.

"उंची कशाला? डबा पंधरा किलोचा लागतोय का पाचचा चालंल, तेवढं सांग."