ठसका आला तरी दृष्ट, नाही आला तरी दृष्ट

दृष्ट काढताना सुक्या मिरच्या विस्तवावर टाकल्या आणि घरभर ठसका उठला, तर दृष्ट निघाली. ठसका उठलाच नाही, तर “बघ, केवढी लागली होती! मिरच्यांचा वाससुद्धा आला नाही!” दोन्हीकडून निकाल एकच. इतकी पक्की चाचणी मला दुसरीकडे कुठे आढळलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मला आदरच आहे. तक्रार आहे ती हल्ली ज्या हलगर्जीपणाने ती उरकतात त्याबद्दल. मिरची कुठली, विस्तव कसला, मीठ जाडं की बारीक, याची काही चौकशी न करता लोक थेट निकाल जाहीर करतात आणि पाटावर बसलेला बिचारा खोकत राहतो.

एका माणसाला साधारण दोन चमचे खडेमीठ, चमचाभर मोहरी आणि देठासकट सुक्या लाल मिरच्या पुरतात. मिरच्या तीन, पाच किंवा सात. चार घेतल्या तर कुणीतरी मोजतंच. काही घरांत यात लसणाची सालं, केरसुणीचे हीर, डोक्यावरचा एखादा केस आणि तिठ्यावरची चिमूटभर माती घालतात. एकेकाळी हे सगळं हाताशी असायचं. आता घरात असतं ते पिशवीतलं बारीक मीठ, आणि ते तडतडत नाही. खडेमिठाच्या खड्यात पाण्याचे अगदी सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. खडा तापला की त्यांची वाफ होते, ती खडा फोडून बाहेर पडते, आणि आपण म्हणतो, “ऐकलंस? जळतायत मेले!” दळलेल्या मिठात हा दारूगोळा फारसा उरलेला नसतो. तेव्हा दृष्ट चुपचाप जळाली म्हणून सुस्कारा सोडण्याआधी मिठाची बरणी बघून यावी. मोहरीचं त्या मानाने बरं आहे. फोडणी असो की दृष्ट, ती तेवढ्याच उत्साहाने उडते.

केरसुणी शिंदीच्या पात्यांची असेल तर हीर भुरुभुरु जळतात. फ्लॅटमध्ये सापडतो प्लॅस्टिकचा झाडू. त्याचा हीर जळण्याऐवजी वितळतो, तव्याला चिकटतो, आणि त्याचा वास कुठल्याही शेजाऱ्याच्या नजरेहून वाईट असतो. तिठ्यावरच्या मातीचं तर विचारूच नका. तिठा काँक्रीटचा, कडेला पेव्हर ब्लॉक. शिवाय माती आणायला जाणाऱ्याने कुणाशी बोलायचं नाही आणि त्याला कुणी टोकायचं नाही, असा नियम. गेटवरचा वॉचमन “साहेब, काय पडलं?” असं विचारणारच, म्हणजे फेरी फुकट. मग बाल्कनीतल्या कुंडीत हात घालायचा मोह होतो. पण कुंडीत बहुतेक वेळा कोकोपीट असतं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तो विस्तवावर पेटत नाही की विझत नाही, नुसता धुमसतो, आणि रात्रीची जेवणं होईपर्यंत पडद्यांना वास राहतो.

वेळ दिवेलागणीची. वार शनिवार किंवा रविवार, नाहीतर अमावस्या-पौर्णिमा गाठायची. साहित्य दोन्ही मुठींत धरून डोक्यापासून पायापर्यंत तीनदा किंवा सातदा ओवाळायचं आणि सोबत पुटपुटायचं: आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची... मजकूर घरागणिक बदलतो, पण संशयितांची यादी कुठेच आखूड नसते. माणसं संपली की भुतंखेतं येतात, ती संपली की पशुपक्षी. पाटावर बसलेल्याची परीक्षा इथे असते. हसायचं नाही, फोन बघायचा नाही, “आटप, मला कॉल आहे” असं म्हणायचं नाही. मुठीतून निसटलेला मिठाचा खडा कॉलरमधून पाठीवर उतरला तरी खाजवायचं नाही. शेवटी काही घरांत मुठींवर तीनदा थुंकल्यासारखं करायला सांगतात. लहान मुलं त्यातलं “सारखं” मनावर घेत नाहीत, तेव्हा काढणाऱ्याने चश्मा घातलेला बरा.

आता विस्तव. सगळं इथे ठरतं आणि इथेच कुणाचं लक्ष नसतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकाघशातल्या, भाजल्याची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. मिरची मंद आचेवर धुमसली की ते धुराच्या कणांबरोबर पसरतं आणि सगळं घर खोकायला लागतं. तीच मिरची रसरशीत निखाऱ्यांवर पडून भडकन पेटली, तर त्यातला बराच भाग जागीच जळून जातो, आणि राहिलेला धूर कौलांच्या फटींतून वर निघून जातो. म्हणून चुलीच्या काळात दृष्टी भारी असायच्या. आता गॅसवर तवा ठेवून त्यात मिरच्या टाकतात. भडका नाही, नुसता धूर, सगळे बेजार, आणि निष्कर्ष असा की दृष्ट किरकोळ होती. लोकांची मनं पूर्वीपेक्षा साफ झाली, असा अर्थ यातून कुणी काढू नये. त्याच तव्यावरची किचनची चिमणी पूर्ण वेगाने चालू केली, की दृष्ट पुन्हा भारी होते.

मिरचीची जात तर विस्तवाच्याही वर. बेडगी दिसायला लालभडक, सुरकुतलेली. रंगाला पहिली, तिखटाला बेताची. लवंगी एवढीशी, पण दोन मिरच्यांत जिन्यावरचे लोक शिंकतील. त्यामुळे एकाच माणसाची एकाच संध्याकाळी दृष्ट काढली, तर बेडगीच्या मते त्याच्यावर साऱ्या गावाचा डोळा आणि लवंगीच्या मते त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मधलं मत हवं असेल तर संकेश्वरी घ्यावी. मी तर म्हणतो, निकाल सांगताना मिरचीची जात सांगणं सक्तीचं करावं.

तव्याला कंटाळून काही जण सगळी मूठ थेट गॅसच्या बर्नरवर सोडतात. ज्योत एकदम पिवळीजर्द होते, बघणारे हात जोडतात. तो रंग मिठातल्या सोडियमचा. भाताचं खारट पाणी उतू गेल्यावरही तोच येतो, पण तेव्हा कुणी हात जोडत नाही. पुढे मीठ बर्नरच्या भोकांत बसतं आणि आठवडाभर एका बाजूची पोळी कच्ची राहते. नॉनस्टिक तवाही नको, रिकामा फार तापला की त्याचा लेप खराब होतो. जुना लोखंडी तवा, त्यावर गोवरीचा पेटता तुकडा किंवा कोळशाचे दोन निखारे, खिडकी उघडी, दम्याचा माणूस शेजारच्या घरी. बस.

लहान मुलांसाठी त्यामानाने सोपे उपाय आहेत: गालावर काजळाची तीट, मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यात दृष्टमणी. तीट लावण्यामागचा हिशोब असा की मूल सर्वांगसुंदर दिसू नये. मण्यांचा दोरा मात्र पक्का हवा आणि गळ्यात झोपेत तो ठेवू नये. दात येत असलेलं मूल दृष्टीपेक्षा मण्याने लवकर गुदमरतं.

नजरेचा हा धाक आपल्याकडेच आहे, असंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने जेवणाच्या पंगतीतल्या गप्पा लिहून ठेवल्या आहेत, त्यात एक अख्खी चर्चा नजर लागण्यावर आहे. काही बापांचीच नजर मुलांना लागते म्हणून बायका त्यांना मूल फार वेळ बघू देत नाहीत, असं तिथे म्हटलंय. “आईचीच दृष्ट आधी लागते” म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ही पंगत परकी वाटली नसती. पाण्यात स्वतःचं देखणं रूप बघून स्वतःचीच नजर लागलेला युतेलिदास नावाचा एक तरुणही त्याच चर्चेत येतो. समोरचा कॅमेरा तेव्हा नव्हता, तरी त्याने काम भागवलं.

ग्रीसमध्ये आजही दृष्ट तपासतात, पण ठसक्याविना. ताटात पाणी घेऊन त्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडतात आणि थेंब कसे वागतात ते बघतात. काढणारी बाई जांभया देऊ लागली तर दृष्ट जबर. इथेही पाणी किती स्वच्छ आहे यावर तेल पसरणार की गोल राहणार हे ठरतं, म्हणजे बेडगी-लवंगीचा घोळ त्यांनाही चुकलेला नाही. मेक्सिकोत अंगावरून अंडं फिरवून ते पाण्याच्या ग्लासात फोडतात आणि त्यातले आकार वाचतात. इराणमध्ये निखाऱ्यांवर इस्फंदच्या बिया टाकतात. त्या फुटतात, धूर होतो, तो माणसाच्या डोक्याभोवती फिरवतात. मोहरीवाल्यांना हे घरचंच वाटेल. तुर्कस्तानातला निळा काचेचा डोळा तर २०१८ साली फोनच्या इमोजींत जाऊन बसला. या सगळ्यांत साफसफाईला सगळ्यात सोपा तोच.

ही तुलना उगाच केलेली नाही. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आईच्या बॅगेत डिंकाच्या लाडवांशेजारी मीठ-मोहरीची पुडी असतेच. तिथल्या अपार्टमेंटच्या छताला स्मोक डिटेक्टर असतो आणि त्याला ठसक्याची भारी-हलकी प्रतवारी कळत नाही. दोन लवंगी मिरच्यांत तो बोंबलायला लागतो. काही इमारतींत सगळे भोंगे एकमेकांना जोडलेले असतात, मग बाळंतिणीसकट मजलेच्या मजले खाली पार्किंगमध्ये उभे राहतात आणि सगळ्यांच्या नजरा नेमक्या त्या बाळावर. डिटेक्टरवर पिशवी बांधणे हा उपाय नव्हे. तो पुष्कळ ठिकाणी बेकायदा आहे आणि कुठेही धोक्याचाच. अंगण असेल तर बाहेरच्या बार्बेक्यूवर काढावी, तिथे निखारेही खरे असतात. अंगण नसेल तर मेक्सिकन अंडं किंवा ग्रीक तेल. आजीला पटवायचं काम जावयावर सोपवू नये.

दुकानदाराला यातलं काहीच करावं लागत नाही. शनिवारी सकाळी माणूस येतो, कालबाह्य लिंबू-मिरची काढतो, नवी टांगतो, पैसे घेतो. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, टोकाला बिब्बा किंवा कोळसा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, तेव्हा घरी ओवायचा हट्ट नको. तारेने ओवलेलं लिंबू गाडीच्या बंपरला टांगलं तर आम्ल तार गंजवतं आणि डाग बंपरवर राहतो, दोरा वापरावा. “सुती दोरा लिंबातलं सी जीवनसत्त्व शोषून हवेत सोडतो” हे फॉरवर्ड आलं तर मात्र पुढे पाठवू नये, ते जीवनसत्त्व असं हवेत उडून जात नाही. त्यापेक्षा जुना खुलासा मला जास्त प्रामाणिक वाटतो: अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ते दारातच मिळालं की ती आत येत नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याला तर ८ ऑक्टोबर २०१९ रोजी थेट सरकारी मान्यता मिळाली. फ्रान्समधल्या मेरिन्याक इथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पहिलं राफेल ताब्यात घेतलं, तेव्हा त्याच्या चाकांखाली लिंबं होती. आपल्या गाडीला एवढंच सांभाळावं की गिअर नेमका कुठला पडलाय. मागे फोटो काढणारे नातेवाईक उभे असतात.

सगळ्यात जोखमीची दृष्ट तुरटीची, आणि ती हौशी लोकांनी काढू नये. तुरटीचा सुपारीएवढा खडा ओवाळून निखाऱ्यावर टाकायचा. तुरटीच्या स्फटिकात पाणी भरपूर असतं. ती आधी त्या पाण्यातच विरघळते, मग उकळून फुगते, आणि शेवटी पांढरी, वेडीवाकडी लाही उरते. त्या लाहीचा आकार ज्याची नजर लागली त्याच्यासारखा होतो, अशी समजूत. अरब देशांतही तुरटी जाळून असाच चेहरा शोधतात. अडचण अशी की फुगलेल्या तुरटीला नाक येतंच, आणि नाक आलं की घरातल्या पाच जणांना पाच वेगवेगळी माणसं दिसतात. त्यातलं एक बहुधा समोर सोफ्यावर बसून चहा पीत असतं. म्हणून तुरटी फुलून स्थिर झाली की कुणी “अगंबाई, हे तर...” म्हणायच्या आत चिमट्याने तिचा चुरा करावा, आणि तवा आधी बेसिनमध्ये नेऊन मगच दिवा लावावा.