१३ मिनिटं ५४ सेकंद

मंडळी, आज अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लिहिणार आहे, आणि तेही मराठीत. पोस्ट लांबणार. आपल्यापैकी बऱ्याच जणांना या खेळातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. न्यू जर्सीत येऊन मला पंधरा वर्षं झाली, त्यातली पहिली दहा मलाही कळत नव्हतं. मुलगा शाळेच्या संघात खेळायला लागला तेव्हा कुठे शिकले. पण २०२४ च्या हंगामात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ, म्हणजे ज्याला इथे सगळे नुसतं 'आर्मी' म्हणतात तो, जे खेळला ते अजून मनातून जात नाही. त्याबद्दल लोक जे बोलतात तेही मला पटत नाही.

सुरुवात ९ नोव्हेंबर २०२४ पासून करते. टेक्सासमधलं डेंटन, समोर नॉर्थ टेक्सास विद्यापीठ. आर्मीच्या हातात चेंडू आला तेव्हा ते स्वतःच्या गोलरेषेपासून जेमतेम ६ यार्डांवर होते. पुढे अख्खं मैदान पडलेलं, ९४ यार्ड. नियम साधा आहे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरका, मग आणखी चार प्रयत्न मिळतात. बाकीचे संघ अशा वेळी लांब पास फेकून सुटका करून घेतात. आर्मीने चेंडू खाली ठेवला, उचलला, चार यार्ड पळाले, पडले, उठले. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. असं २१ वेळा. सरासरी काढली तर एका वेळी साडेचार यार्ड. शेवटी टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार गेला, तेव्हा घड्याळातली १३ मिनिटं ५४ सेकंद संपली होती. एक क्वार्टर १५ मिनिटांचा असतो, म्हणजे जवळजवळ अख्खा क्वार्टर समोरच्या संघाच्या आक्रमणाला चेंडूच दिसला नाही. सामना आर्मीने १४-३ असा जिंकला.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात एक सहकारी म्हणाला, "हा काय फुटबॉल आहे? झोप येते बघताना." मला त्याचा राग आला, खरंच आला. ज्याला त्या २१ वेळांमध्ये काही दिसलं नाही, त्याने ते नीट बघितलंच नाही.

काय दिसतं ते सांगते. आर्मी जो खेळ खेळते त्याला ट्रिपल ऑप्शन म्हणतात. बचाव फळीतल्या एका माणसाला ते मुद्दाम अडवत नाहीत, मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन त्या मोकळ्या माणसाच्या अंगावर जातो आणि त्याच्याकडे बघतो. तो आत वळला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा आणि बाहेरून पळायचं. तो बाहेरच थांबला तर चेंडू मधल्या धावपटूच्या पोटात सारायचा. आणि स्वतः पळताना दुसरा कोणी अंगावर आला, तर बाजूने पळणाऱ्या तिसऱ्याकडे फेकायचा. हे सगळं सेकंदभरात. कबड्डीत साखळी धरणाऱ्यांचं जसं एकमेकांच्या हातावरून चालतं, शब्द न बोलता, तसं हे चालतं. एकाचं पाऊल अर्ध्या फुटाने चुकलं तरी सगळं कोसळतं. आणि ज्याला मोकळा सोडला त्याला अडवणं वाचलं, म्हणजे बाकी ठिकाणी तुमचा एक माणूस जास्तीचा. अंगाने लहान असलेल्या संघासाठी इतका हुशार हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही.

अंगाने लहान का? कारण ही मुलं पुढे सैन्यात अधिकारी होणार. मोठमोठ्या विद्यापीठांच्या मानाने त्यांची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पुढे उभं राहून धावणाऱ्याला वाट करून देणारी फळी, हलकी असते, आणि शेवटच्या हंगामानंतर त्या लाइनमधल्या मुलांना वजन उतरवावं लागतं, सैन्याच्या मापात बसण्यासाठी. अशा त्या लाइनला २०२४ मध्ये जो मूर पुरस्कार मिळाला, देशातली सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइन म्हणून. ज्यांना चेंडूला हात लावायला मिळत नाही, ज्यांचं नाव टीव्हीवर फक्त चूक झाली की घेतात, त्या पोरांचा हा मान. बातमी वाचली तेव्हा माझे डोळे भरून आले. माझा मुलगाही लाइनमध्येच खेळतो.

१९ ऑक्टोबरला आम्ही तिघं वेस्ट पॉइंटला गेलो होतो, ईस्ट कॅरोलिनाविरुद्धचा सामना बघायला. हडसन नदीच्या काठाने गाडी वर चढत जाते, दोन्ही बाजूंना डोंगर पानगळीने लाल-पिवळे झालेले. मायकी स्टेडियम टेकडीवर आहे, शेजारी तलाव. १९२४ मध्ये उभं राहिलं, म्हणजे त्या वर्षी शंभरी. ज्याच्या नावाने ते आहे तो डेनिस मायकी. त्यानेच १८९० मध्ये नौदल अकादमीच्या संघाविरुद्धचा, म्हणजे 'नेव्ही'विरुद्धचा, पहिला सामना घडवून आणला, आणि पुढे १८९८ मध्ये क्यूबात लढताना मारला गेला. सामन्याआधी कॅडेटांचं संचलन झालं. मग ती हजारो मुलंमुली स्टँडमध्ये आली आणि शेवटपर्यंत उभीच. प्रत्येक टचडाऊनला तोफ उडायची आणि दंड काढणं सुरू व्हायचं, जितके गुण तितके दंड. त्या दिवशी आर्मीने ४५ गुण केले. माझा मुलगा मोजत होता.

घरी आल्यावर साताऱ्याला आप्पांना फोन केला. आप्पा माझे थोरले काका, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी अर्धा तास फुटबॉलचं सांगत होते. ते ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "पोरी, ही पोरं पुढं खरंच पलटणीत जात्यात, का नुसती खेळायला ठेवल्यात?"

"जातात, आप्पा. पाच वर्षं सक्तीची."

"मंग झालं," म्हणाले.

माझं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवतीच आहे. सध्या इथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये दोन गोष्टींनी सगळं बदलून टाकलंय. एक, खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून पैसे कमावता येतात. दोन, ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे वाटलं की दुसऱ्या विद्यापीठात जायची सोय. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना त्यातली पहिली गोष्ट मिळतच नाही. शिक्षण फुकट, वर थोडा भत्ता, बास. दुसरी आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सेवेची शपथ घ्यावी लागते. त्याआधी निघून गेलं तर चालतं, नंतर नाही.

त्या डिसेंबरात काय झालं बघा. ६ तारखेला, शुक्रवारी रात्री, मायकी स्टेडियमवरच आर्मीने टुलेन विद्यापीठाला ३५-१४ हरवलं आणि अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. त्या कॉन्फरन्समध्ये त्यांचं ते पहिलंच वर्ष होतं, आणि शंभरहून जास्त वर्षांच्या इतिहासात कुठल्याही कॉन्फरन्सचं हे पहिलं विजेतेपद. कर्णधार आणि क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने एकट्याने चार टचडाऊन केले. दुसऱ्याच दिवशी मार्शल विद्यापीठ आपल्या कॉन्फरन्सचं विजेतं झालं. या दोघांचा सामना २८ डिसेंबरला इंडिपेंडन्स बोलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या एका खास सामन्यात, ठरला. पण मार्शलचे प्रशिक्षक दुसरीकडे गेले, त्यांच्यामागे दोन डझनांहून जास्त खेळाडू पोर्टलमध्ये गेले, आणि मार्शलने सामन्यातून माघार घेतली. जिंकलेला संघ आठवडाभरात राहिलाच नाही.

मी त्या मुलांना दोष देत नाही, हे स्पष्ट लिहिते. ज्यांच्या अंगमेहनतीवर विद्यापीठं कोट्यवधी डॉलर मिळवतात, त्यांनी चार पैसे का मिळवू नयेत? आर्मीतूनही मुलं जातात. त्या हंगामात हजारावर यार्ड पळालेला कान्ये उदो नंतर ॲरिझोना स्टेटला गेला. त्याचं भलं होवो. पण 'आर्मी देशभक्तीच्या जोरावर जिंकली' असं जे टीव्हीवर चाललं होतं, ते मला खोटं वाटतं. देशभक्ती २००३ मध्येही होतीच की. त्या वर्षी ते १३ पैकी १३ सामने हरले होते! २०२४ मध्ये ते जिंकले कारण तीच तीच मुलं तीन-चार वर्षं शेजारी शेजारी उभी राहून एकच गोष्ट हजारो वेळा करत होती. अर्ध्या फुटाचा हिशेब अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आज बाकी कुणाकडे उरलेली नाहीत.

प्रशिक्षक जेफ मंकन २०१४ मध्ये आले. पहिल्या वर्षी ४ विजय, दुसऱ्या वर्षी २. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाने त्यांना हाकललं असतं. इथे ठेवलं. २०१६ मध्ये त्यांनी नेव्हीकडून सलग १४ वर्षं होणारा पराभव थांबवला. पुढे कंबरेखाली अडवण्याचे नियम कडक झाले, तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी खेळाची पद्धतच बदलून पाहिली. ६ जिंकले, ६ हरले. मग पुन्हा आपल्या मुळाकडे वळले, नवीन जे पटलं तेवढं ठेवून. असं चुकून परत फिरायलाही कुणीतरी वेळ द्यावा लागतो.

हंगामात दोन पराभव झाले. नोत्र दाम विद्यापीठाने यँकी स्टेडियमवर ४९-१४ असं धुतलं. ताकद आणि वेग यात फरक होता, तो दिसला. दुसरा १४ डिसेंबरला, नेव्हीकडून, ३१-१३. तो जास्त लागला. डेलीचे तीन पास नेव्हीने पकडले. एवढं वर्ष गाजवलेला मुलगा, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात सहावा आलेला, आणि नेमका त्या दिवशी काही जमेना.

आर्मी-नेव्ही सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्या बाजूच्या कॅडेटांसमोर जाऊन उभे राहतात आणि त्या अकादमीचं गीत होतं. मग सगळे मिळून जिंकलेल्यांकडे जातात. म्हणून दोन्हीकडच्या मुलांचं वर्षभराचं स्वप्न एकच असतं, आपलं गीत दुसरं व्हावं. त्या संध्याकाळी आर्मीचं पहिलं झालं. शेजारी नेव्हीचे खेळाडू शांत उभे. माझा मुलगा सोफ्यावरून उठून उभा राहिला होता, का ते मी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी श्रीव्हपोर्टला, इंडिपेंडन्स बोलमध्ये, आर्मीने मार्शलच्या जागी आलेल्या लुइझियाना टेकला २७-६ हरवलं. प्रतिस्पर्धी काही मोठा नव्हता, वर्षात पाचच सामने जिंकलेला. तरी तो बारावा विजय, आर्मीच्या इतिहासात एका हंगामातले सर्वाधिक. डेलीचे हंगामभरात पळून केलेले टचडाऊन त्या दिवशी ३२ झाले.

मे महिन्यात त्याच मायकी स्टेडियमवर पदवीदान झालं. ज्या मैदानावर डिसेंबरात टुलेनला हरवलं, तिथेच खुर्च्या मांडलेल्या, आणि शेवटी सगळ्यांनी पांढऱ्या टोप्या हवेत उडवल्या. मी आप्पांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा उलट फोन आला, "यातली तुझी फुटबॉलवाली कुठली गं?"

मलाही ओळखता आली नाहीत. सगळ्यांचा गणवेश एकच होता.