‘मान्सून गेला, आता सह्याद्रीत बिनधास्त फिरा’ हे खरं नाही

दसरा जवळ आला की ट्रेकर्सच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मान्सून परतला, ईशान्य मान्सूनचा अंदाज कमी पावसाचा आहे, त्यात ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती) म्हणजे हवा कोरडी, थंडी लवकर. तेव्हा कुठल्याही गडावर बिनधास्त जा, रेनकोट घरीच ठेवा. हे वाचून नवखी मुलं घरातून निघतात, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

‘मान्सून परतला म्हणजे पाऊस संपला.’ मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ती घोषणा नैऋत्य मोसमी वाऱ्यांपुरती असते. त्यानंतर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होणार नाही, असं ती सांगत नाही. फयान चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. उत्तराखंडातून मान्सून परतल्यावर, १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ या तीन दिवसांत तिथे अतिवृष्टी आणि हिमवृष्टी झाली, लमखागा खिंडीच्या वाटेवर ट्रेकर्सचा जीव गेला. दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

‘सकाळी आभाळ निरभ्र असलं की दिवस आपला.’ मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. ऑक्टोबरमधली निरभ्र सकाळ हीच दुपारच्या गडगडाटाची तयारी असते. जमीन अजून ओली, ऊन कडक. तापलेली दमट हवा घाटमाथ्यावर चढते आणि दोन-तीन तासांत ढगांचे मनोरे उभे राहतात. शिवाय वारा आता पूर्वेचा असतो. पावसाळाभर आपल्याला कोकणाकडून येणारे ढग बघायची सवय लागलेली असते, पण हे ढग देशाकडून, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या पठारावरून, आपल्या पाठीमागून येतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पश्चिमेला तोंड करून बसलेल्या माणसाला ते पहिला गडगडाट होईपर्यंत दिसतही नाहीत. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर बुरूज, उघडी धार, ध्वजस्तंभ आणि एकटं झाड ताबडतोब सोडा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, पण गडावर रेंज असेलच असं नाही.

‘अंदाजच कमी पावसाचा आहे.’ ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सूनचा अंदाज तमिळनाडू, केरळ, किनारी आंध्र, रायलसीमा आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटकासाठी असतो. त्यात महाराष्ट्र नाही! आणि तीन महिन्यांच्या बेरजेवरून तुमचा रविवार कसा जाईल हे कळत नाही.

‘ला निना आहे, हवा कोरडी राहील.’ २०२० आणि २०२२ ही दोन्ही ला निनाची वर्षं. दोन्ही वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात पुण्यात रात्रीतून रस्त्यांच्या नद्या झाल्या.

थंडीचं म्हणाल, तर ऑक्टोबर हीट कोणाला सांगायला नको. पाणी पावसाळ्यापेक्षा जास्त न्या. कातळटप्प्यावरचं शेवाळ अजून वाळलेलं नसतं आणि कमरेएवढ्या गवतात वाटेची कड दिसत नाही, हेही मेसेजमध्ये नाही.

जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. सोनकी फुललेली असताना घरी कोण बसेल? आदल्या रात्री हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा इशारा बघा, पहाटे निघा, दुपारी एकच्या आत गडमाथा सोडा. तेवढ्या वेळात बसत नसेल तर तो ट्रेक डिसेंबरमध्ये करा. आणि मेसेज पुढे पाठवणारच असाल, तर रेनकोटचं वाक्य आधी खोडा.