एआर-व्ही७ चाचणीचा अहवाल पाहून गोळ्या बंद करू नयेत

गोव्यातील साखळी-डिचोली भागातील व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये 'एआर-व्ही७' ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर उपचार संपले, निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहावे, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन, ज्यावरून रोगाची चाल पाहतात) वाढताच गोळी बदलावी आणि स्कॅनसाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खेपा घालू नयेत, असे त्यात म्हटले आहे. घरात असा रुग्ण असलेली माणसे हे वाचून औषधांबाबत निर्णय घेऊ लागली आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

चाचणीमागचे विज्ञान खरे आहे. अँड्रोजेन रिसेप्टर हे पुरुषी संप्रेरकाचा संदेश घेऊन कॅन्सरपेशींना वाढवणारे प्रथिन. एआर-व्ही७ हे त्याचे आखूड रूप असून, पुरुषी संप्रेरक जिथे जाऊन बसते तो भागच त्यात नसतो. त्यामुळे संप्रेरक रोखले तरी ते काम करतच राहते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६२ रुग्णांच्या अभ्यासात, रक्तातील कॅन्सरपेशींत हे रूप सापडलेल्यांपैकी एकाचाही पीएसए एन्झाल्युटामाइड वा अबिराटेरोन या संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्यांनी निम्म्यावर आला नाही.

मात्र त्याच अभ्यासात निगेटिव्ह असलेल्यांपैकी एन्झाल्युटामाइड ५३ टक्क्यांना आणि अबिराटेरोन ६८ टक्क्यांनाच लागू पडले. मग निर्धास्त कसे राहायचे? औषध निष्प्रभ होण्याच्या वाटा अनेक आहेत: रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात, किंवा त्या जनुकात एल७०२एच नावाचा असा बदल होतो की अबिराटेरोनसोबत दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच त्या रिसेप्टरला चालना देऊ शकते.

'उपचार संपले' हे विधान तर सरळसरळ घातक आहे. डोसीटॅक्सेल, कॅबाझिटॅक्सेल ही केमोथेरपीची औषधे वेगळ्या मार्गाने काम करतात आणि एआर-व्ही७ पॉझिटिव्ह रुग्णांनाही त्यांचा उपयोग झालेला आहे. रक्तातील डीएनएत बीआरसीए२ या डीएनए दुरुस्तीच्या जनुकात दोष आढळला, तर ओलापॅरिब या गोळीचाही विचार होतो.

पीएसएबाबत थोडक्यात सांगायचे तर, नवे औषध सुरू केल्यावर पहिल्या १२ आठवड्यांतील नुसत्या वाढीवरून ते फसले असे ठरवत नाहीत. पुढेही किमान तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करतात.

याउलट, काही रुग्णांत कॅन्सर न्यूरोएंडोक्राइन प्रकाराकडे, म्हणजे संप्रेरकावर अवलंबून नसलेल्या आक्रमक रूपाकडे, वळतो आणि पीएसए फारसा न वाढताच रोग यकृतापर्यंत पोहोचतो. तो स्कॅनमध्ये दिसतो, त्याचा प्रकार बायोप्सीने कळतो आणि त्यानंतरच प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीचा निर्णय घेता येतो. बांबोळीची खेप टाळलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे सारे लांबणीवर पडते.