‘सोयीचा संसार’ म्हणणाऱ्या कोथरूडकरांना

कोथरूडकर,
(तुम्ही हेच नाव लावलंय, म्हणून मीही तेच वापरतो.)

तुमची प्रतिक्रिया सोमवारी वाचली. आज शुक्रवार. रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबलो होतो, पण राग काही गेला नाही, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. बायको बँकेत अधिकारी आहे. बढती मिळाली, बरोबर नागपूरची बदली आली. मी आणि आठ वर्षांची लेक पुण्यातच राहिलो. दोन वर्षं झाली आणि बरं चाललंय, असं मी लिहिलं होतं. त्यावर कोथरूडकर म्हणतात: ‘हा संसार नाही, सोय आहे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात एक चक्कर मारा, अशी जोडपी रांगेत दिसतील. आनंदीबाई जोशींबद्दलही चुकीचं लिहिलंय. आणि एवढ्या लांबलचक लेखात मुलीला काय वाटतं याची एक ओळ नाही.’

आनंदीबाईंबद्दलची चूक माझीच. गोपाळराव त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेले असं मी लिहिलं होतं. 1883 साली त्या कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या, गोपाळराव बऱ्याच उशिराने तिकडे पोचले. दुरुस्ती केली आहे, आभार. (नवराबायको लांब राहिल्याचं उदाहरण उलट आणखी पक्कं झालं, पण ते असो.)

आता ‘सोय’. हा शब्द तुम्ही शिवीसारखा फेकलाय. मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे का, घरी कोण कोण असतं, मुलगी लग्नानंतर नोकरी करणार का, असं चहापोह्यांच्या वेळी विचारतात तेव्हा काय चाललेलं असतं? तत्त्वचिंतन? आमची सोय कशी असते ते ऐका. बँकांना फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, 2015 च्या सप्टेंबरपासून. म्हणजे शुक्रवारी शाखेतून थेट नागपूर स्टेशन, शनिवारी सकाळी पुणे, रविवारी संध्याकाळी परत गाडीत आणि सोमवारी सकाळी तोंडावर पाणी मारून पुन्हा शाखेत. महिन्यात पाच शनिवार आले की मधे तीन आठवडे जातात. इकडे मी पावणेसहाला उठून डबा करतो. भाजी मला तीनच येतात. अशी सोय तुम्हाला हवी असेल तर देऊन टाकतो, घेऊन जा.

नवराबायको एकत्र राहतात म्हणजे काय, हे मला शिकवू नका. मी ते बघत मोठा झालोय. सदाशिव पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. आईवडील जन्मभर तिथेच राहिले, एक रात्रही कुणी बाहेर काढली नसेल. मी तिसरीत असताना कशावरून तरी त्यांचं बिनसलं. कशावरून ते मला अजून माहीत नाही. ‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ ‘आईला सांग, मला भूक नाही.’ मधे मी. पाटापासून ओट्यापर्यंत पाच पावलं अंतर, तेवढ्यात निरोप पोचवायचा, आणि दोघांनीही तो आधीच ऐकलेला असायचा. सणावारी पाहुणे आले की दोघं छान बोलायचे. पाहुण्यांचा पाय जिन्यावरून उतरला की बंद. शेजारीपाजारी म्हणायचे, काय सोन्यासारखा संसार आहे.

म्हणून कोर्टाच्या रांगेचा दाखला मला देऊ नका. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्यात किमान वर्षभर वेगळं राहत असल्याची अट आहे, हे खरं. पण ‘वेगळं’ म्हणजे वेगळ्या पत्त्यावर असं नाही, एका छपराखालीही माणसं वेगळी राहत असू शकतात आणि याच्या उलटही असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगून ठेवलंय. त्या हिशेबाने माझे आईवडील वीस वर्षं वेगळे राहत होते. दोन खोल्यांत.

मुलीचा मुद्दा. लेकीबद्दल मी जाहीरपणे लिहीत नाही, तो माझा नियम आहे. ती मजेत आहे. कालनिर्णयवर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी लाल गोल काढते, पाचवा शनिवार असला तर त्याच्यावर काट मारते, पान फाटेपर्यंत. मुलं असा काहीतरी खेळ करतातच. शाळेच्या वेण्या मीच घालतो. रिबिनीची गाठ सैल पडते अशी तक्रार आहे, ती मान्य. फक्त आई येणार त्या सकाळी मला केसांना हात लावू देत नाही, विस्कटलेलीच स्टेशनवर येते. बायकोने फलाटावर बॅग टेकवली की पहिल्यांदा पर्समधून कंगवा निघतो. गर्दीत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के खात, तिथेच उभ्या उभ्या. यातून तुम्हाला काय सिद्ध करायचं असेल ते करा.

उद्या दुसरा शनिवार आहे, मला लवकर उठायचंय. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाकलीत तर उत्तर देईन. नाहीतर हे शेवटचं.