वास येतो म्हणे!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पाहुणे हॉलमध्ये झोपलेत, भांडी घासून झालीत, आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणून इथे ओकतेय. ज्यांना लांब पोस्टींचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

माझा मावसभाऊ बायको-पोराला घेऊन पुण्याहून दुबईला आलाय, आठ दिवसांसाठी. बुर्ज बघून झाला, वाळवंटात गाडी उडवून झाली, सोनं बघून झालं (घेतलं नाही). काल म्हणाला, "ताई, ते टुरिस्टांचं पुरे आता. तू स्वतः जिथे जेवतेस तिथे ने ना." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आज संध्याकाळी ऑफिसातून तासभर लवकर निघाले आणि सगळ्यांना इथल्या सतवा भागात घेऊन गेले, माझ्या फिलिपिनो हॉटेलात.

हॉटेल म्हणजे काय, आठ-दहा टेबलं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक, वर टीव्हीवर मनिलाचा कसलातरी गाण्याचा कार्यक्रम. काचेआड स्टीलचे ट्रे मांडलेले. आपण बोट दाखवायचं, ते वाढतात. या प्रकाराला त्यांच्यात नावच तुरो-तुरो आहे. तुरो म्हणजे बोट दाखवणं. दोन पदार्थ, भाताची मूद, वाटीभर रस्सा. आपल्या खानावळीत आणि त्यात फरक असलाच तर एवढाच की इथे ताटात चपाती नसते.

दारातच भावाने नाकाला रुमाल लावला.

मी दुर्लक्ष केलं. म्हटलं एसीतून आत आलाय, होईल सवय. बीफ नको म्हणाला, ते ठीकच, मी मुद्दाम चिकन आणि मासळीच मागवली. कोळंबीचं सिनिगांग, चिकन अडोबो, लुम्पिया म्हणजे त्यांचे तळलेले रोल, आणि माझ्यासाठी तुयो. तुयो म्हणजे खारवून वाळवलेली छोटी मासळी, कडक तळलेली, सोबत लसणाचा परतलेला भात, अंडं आणि व्हिनेगर. टेबलावर तुयोची बशी आली आणि आमचे बंधुराज उठून उभे राहिले. "ई! काय मेलंय का आत?" मग मोबाईल काढून व्हिडिओ. "मित्रांनो, बघा ही लोकं काय खातात!" वर चिकनकडे बोट दाखवून डोळा मारत मला विचारतो, "नक्की चिकनच ना गं?"

वाढणारा मुलगा शेजारीच उभा होता. मराठी त्याला कळत नाही. नाकावरचा रुमाल मात्र जगात सगळ्यांना कळतो.

आता मी तुम्हाला बोंबलांची गोष्ट सांगते. माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींनी ऐकली असेल. परत ऐका.

2011 साली मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा दुबईच्या करामा भागात बेडस्पेसवर राहायचे. बेडस्पेस म्हणजे खोली नाही, पलंग भाड्याने. एका खोलीत सहा जणी, त्यातल्या चौघी फिलिपिनो. आईने निघताना सुके बोंबील दिले होते, तीन पिशव्यांत गुंडाळून, वर वर्तमानपत्र, वर सुतळी. मी ते पुडकं सुटकेसमध्ये, सुटकेस पलंगाखाली आणि पलंगाची चादर जमिनीपर्यंत ओढलेली, असं लपवलं होतं. कारण दुबईच्या आधी मी तीन वर्षं पुण्यात नोकरी केली होती. तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी मूठभर सुकट भाजली, तर सोसायटीचे सेक्रेटरी बेल वाजवून आले. फार गोड बोलले हो. "तुमचं खाणं तुमच्यापाशी, पण जिन्यात वास येतो." महिन्याभरात घरमालकाने दुसरी जागा बघायला सांगितलं. तेव्हापासून सुक्या मासळीचं पुडकं हातात आलं की माझा जीव चोरासारखा व्हायचा.

आठव्या दिवशी खोलीतली सगळ्यात मोठी फिलिपिनो बाई माझ्या पलंगाजवळ वाकून नाकपुड्या फुगवून हुंगायला लागली. झालं, म्हटलं, इथूनही हकालपट्टी. तिने पुडकं बाहेर काढायला लावलं. सुतळी सोडली, तीनही पिशव्या उघडल्या, एक बोंबील उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग आपल्या कपाटाकडे गेली. तिथून निघालं तिचं पुडकं. तेही पिशवीत पिशवी घालून बांधलेलं. तुयो.

त्या रात्री साडेदहाला आम्ही दोन्ही तळले. एक्झॉस्ट सुरू, खिडकी उघडी, दाराच्या फटीला ओला टॉवेल. हे टॉवेलचं तंत्र तिला आधीपासून येत होतं, यावरून काय ते समजा.

तर हे सगळं मला आज त्या टेबलावर आठवत होतं. आणि समोर माझ्याच मावशीचा मुलगा, जो लहानपणी मे महिन्यात मालवणात पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा बोटं चाटून खायचा, तो नाक दाबून व्हिडिओ करत होता. पुण्यात पंधरा वर्षं काढली की नाकसुद्धा बदलतं का रे?

आणि त्या सिनिगांगात होतं काय? चिंच! चिंचेचा आंबट पातळ रस्सा, त्यात मुळा, वांगं, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, वर सालासकट कोळंबी. चिंच नसेल तर तिकडे कामियास घालतात. कामियास म्हणजे आपली बिंबलं, परसातली, झाडाच्या बुंध्याला लगडतात ती. हळद नाही, खोबरं नाही, तिरफळ नाही, हे मान्य. पण आजारातून उठल्यावर जीभ जे मागते ना, ते हे. अडोबो म्हणजे व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र. यात घाबरण्यासारखं काय आहे? कारे-कारेत तर शेंगदाण्याच्या रश्शात केळफूल असतं. 1762 साली इंग्रजांनी मनिला घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई होते, त्यातले काही पळून काइंता गावात राहिले आणि त्यांच्या करीवरून कारे-कारे झालं, असं आमची ती खोलीतली बाई सांगायची. खरंखोटं देव जाणे. कच्च्या पपईच्या लोणच्याला मात्र ते अचारा म्हणतात, त्याला काही पुरावा लागत नाही.

हो, सगळंच गोडगोड सांगत नाही. केळ्याच्या केचपची ती साखरी स्पॅगेटी माझ्या घशाखाली अजून उतरत नाही. (तो केचप मारिया ओरोसा नावाच्या रसायनतज्ज्ञ बाईंनी शोधला असं मानतात. बाईंबद्दल आदर आहे, स्पॅगेटीबद्दल नाही.) बालुट, म्हणजे आत पिल्लू वाढत असलेलं बदकाचं उकडलेलं अंडं, मी खाल्लेलं नाही, खाणारही नाही. आणि शाकाहारी माणसाने तिथे जाऊ नये हे खरंच, भाजीतसुद्धा बागूंग म्हणजे बारीक कोळंबीची किंवा मासळीची आंबवलेली चटणी असते. ज्याला नाही आवडत त्याने खाऊ नये. नको म्हणावं, भात-अंडं मागवावं, गप्प बसावं. एवढंच तर म्हणणं आहे.

त्या बाईला मी आते म्हणायचे. पहिल्या दिवशी बाकीच्या मुली तिला "आते, आते" म्हणत होत्या तेव्हा वाटलं तिचं नावच आते. नंतर कळलं, आते म्हणजे मोठी बहीण, कुया म्हणजे मोठा भाऊ. हॉटेलातल्या वाढणाऱ्यालाही कुया, दुकानातल्या बाईलाही आते. आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो तसंच. पण माझ्या कोकणी कानाला ती आत्याच ऐकू यायची आणि मी ती तशीच ठेवली. बोंबलांच्या त्या रात्रीनंतर पहिल्या शुक्रवारी (तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची, शनिवार-रविवार 2022 पासून झाला) तिने मला हाताला धरून सतव्यात नेलं, याच हॉटेलात. पहिला पगार व्हायचा होता, पैसे तिने दिले. काचेवर बोट ठेवून एकेक नाव शिकवलं. बांगुस म्हटल्यावर मी खूश, म्हटलं बांगडा! निघाला हा मोठा, काट्यांनी भरलेला भलताच मासा. मग मी शहाणपणा करून "सुका" मागितला, तर तिने माझ्यासमोर व्हिनेगरची बाटली ठेवली. त्यांच्यात सुका म्हणजे व्हिनेगर आणि तुयो म्हणजे सुकं. आम्ही दोघी इतक्या हसलो की वाढणारा कुया येऊन काय झालं ते विचारून गेला.

आते बातांगासची. तिचे दोन मुलगे तिकडे आजीकडे वाढत होते. आपल्या पलंगाच्या पायथ्याशी तिने एक मोठं खोकं ठेवलं होतं, त्यात दर महिन्याला साबण, चॉकलेटं, मुलांचे बूट, डबाबंद मटण असं काही ना काही पडायचं. भरलं की जहाजाने घरी. मग नवं खोकं. स्वतःच्या पायात तीच फाटकी चप्पल. आणि रात्री मी कितीही उशिरा आले तरी अंधारातून पहिला प्रश्न, "कुमाइन का ना?" जेवलीस का? माझी आई फोनवर "जेवलंस गो?" विचारते, अगदी त्याच सुरात. अशा माणसांना "ही लोकं" म्हणायचं?

आता खरं सांगते, राग भावावर कमीच आहे. त्याला नाही माहीत, आठ दिवसांसाठी आलाय, मनाने वाईट नाही. (त्याचा पोरगा तिसरी लुम्पिया खात होता तेव्हा तो आनंदाने त्याचे फोटोही काढत होता.) राग माझा माझ्यावर आहे. कारण तो व्हिडिओ करत होता तेव्हा मी हसले. पाहुणे आहेत, वहिनी समोर आहे, कशाला तमाशा, म्हणून हसले. त्या मुलाने माझं हसणं बघितलं. तो मला ओळखतो हो, दर महिन्याला बघतो. काही बोलला नाही. तुयोची बशी उचलली, आत नेली, आणि भावासमोर लिंबासारख्या छोट्या कालामान्सीच्या फोडी आणि साधा भात-अंडं आणून ठेवलं. "सॉरी सर," म्हणाला. सॉरी! कुणी कुणाला म्हणायचं ते?

पुण्यातल्या त्या सेक्रेटरीला मीसुद्धा हेच म्हटलं होतं. दारात उभी राहून, हातातली सांडशी मागे लपवून. "सॉरी काका, परत नाही होणार."

बिल देताना मी जास्तीचे वीस दिरहॅम ठेवले. त्याने काय होणार आहे? मलाच नंतर लाज वाटली. निघताना त्याला म्हटलं, "सालामात पो, कुया." पो म्हणजे आदराचा शब्द, आपण बोलताना "हो जी" म्हणतो तसा. तो हसला, नेहमीसारखाच. मी जाईन परवा, एकटी. बसेन, तुयोच मागवेन. आणखी काय करता येतं ते मला सुचत नाहीये.

घरी येताना गाडीत भाऊ म्हणतो, "ताई, सॉरी हं, पण माझ्या कपड्यांना अजून वास येतोय." मी काही बोलले नाही. घरी आल्यावर त्याने बॅग उघडली आणि म्हणाला, "अगं विसरलोच, मावशीने तुझ्यासाठी दिलंय. माझ्या सगळ्या शर्टांना वास लावला याने!"

तीन पिशव्या. वर वर्तमानपत्र. वर सुतळी.

ओट्यावर ठेवलंय ते. आतेला फोटो पाठवला. ती आता कायमची बातांगासला परतलीये, तिकडे पहाटेचे साडेतीन झालेत, सकाळी बघेल. पाहुण्यांना उद्या नऊला निघायचंय. मी सातला उठणार आहे. तवा तापवणार, मंद आचेवर बोंबील भाजणार, एक्झॉस्ट बंद ठेवून, हॉलचं दार सताड उघडं टाकून.